परत न आलेलं पाणी

१

काचघर रिकामं झालं की त्याचे आवाज जास्त ऐकू येतात. वर्षभर ढोबळी मिरचीची झाडं माणसाच्या दुप्पट उंच वाढलेली असतात आणि पानांनी सगळे आवाज गिळून टाकलेले असतात. नोव्हेंबर सरता सरता झाडं उपटून नेतात, मातीऐवजी मुळांखाली ठेवलेल्या दगडी लोकरीच्या लाद्याही नेतात. मग उरतात नुसत्या पत्र्याच्या लांबलचक पन्हळी, त्यांच्यावर लोंबणाऱ्या ठिबकच्या बारीक काळ्या नळ्या आणि वरची काच. छपरावर कबुतर चाललं तरी आतलं माणूस दचकतं.

माझं काम तेव्हाच सुरू होतं. आमच्या वेस्टलंड भागातल्या काचघरांची ठिबक यंत्रणा हिवाळ्यात धुऊन, तपासून द्यायची. पाइपांत ॲसिडचं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे खतांचा साचलेला क्षार सुटतो. मग साध्या पाण्यानं सगळं खळखळून काढायचं. फिल्टर उघडायचे, सेन्सर जुळवायचे, ओळीओळीनं फिरून तुंबलेले ड्रिपर बदलायचे. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं, कारण त्यात काही लपून राहत नाही. झाडं उभी असताना पाण्याचं काय झालं ते नेमकं सांगता येत नाही. काही झाड पितं, काही हवेत जातं. रिकाम्या घरात मात्र जेवढं सोडाल तेवढं पन्हळीतून घरंगळत पंपघरातल्या परतीच्या हौदात येतं. दुसरीकडे जाणार कुठं?

योस्त आणि आलिडा या नवरा-बायकोचं काचघर द लीर गावाबाहेर, कालव्याला लागून आहे. चार खण, प्रत्येक खणाला स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि परतीचे चार पाइप हौदाच्या काठावर शेजारीशेजारी उघडतात. मी दर डिसेंबरात त्यांच्याकडे जाते. त्या दिवशी आत शिरले तर बोगुशा फरशी पुसत होती. बोगुशा त्यांची मुकादम, मूळची पोलंडची. तिच्या हाताखालच्या बायका नाताळासाठी गावी गेल्या होत्या, ही एकटी शेवटची साफसफाई उरकायला थांबली होती.

"आली पाणीवाली!" ती ओरडली. "हिल्के, मी पुसायचं आणि तू ओलं करायचं. आपलं लग्न झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात हाकलली असती तुला."

"पहिल्या आठवड्यात तूच पळून गेली असतीस," मी म्हणाले आणि पंपघरात गेले.

ॲसिड आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. मी पंप सुरू केला, एकेक व्हॉल्व्ह उघडला आणि हौदाच्या काठावर उकिडवी बसून वाट पाहू लागले. रस्त्याकडच्या खणाचं पाणी आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. मधल्या दोन्ही खणांचं आलं. चौथा पाइप, कालव्याकडच्या खणाचा, कोरडाच होता.

मी थोडी थांबले. मीटर पाहिला. त्या खणात पाणी जात होतं, इतर खणांपेक्षा जोरातच जात होतं. पाइपच्या तोंडाशी एक कोळी जाळं विणून बसला होता. ते जाळं हललंसुद्धा नाही.

२

पाणी जातंय आणि परत येत नाही, म्हणजे गळती. हे कळायला शहाणपण लागत नाही. मी बॅटरी घेऊन कालव्याकडच्या खणात गेले आणि वाकून वाकून सगळी जमीन पाहिली. तिथं पांढरं प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्यावर थेंबभर पाणी पडलं तरी दिसतं. सगळीकडे कोरडं होतं. कडेला प्लास्टिक उचलून खालच्या मातीत हात घातला. माती भुसभुशीत, कोरडी. समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या आमच्या या मुलखात डिसेंबरात कोरडी माती मी कधी पाहिली नव्हती.

मग वाटलं, परतीचा पाइप फुटला असेल. बोगुशाची बादली मागून घेतली, पन्हळीच्या टोकाला हातानंच पाणी ओतलं आणि पंपघराकडे पळत गेले. कोळ्याचं जाळं वाहून गेलं होतं, बादलीभर पाणी निमूटपणे हौदात पडत होतं.

म्हणजे परतीचा पाइप धड होता. पाणी पन्हळीपर्यंत येतच नव्हतं.

योस्त तोवर आला होता. उंच, वाकलेला, साठी ओलांडलेला माणूस. बोलायला लागला की समोरच्याला आपणच काहीतरी बिघडवलंय असं वाटायला लावणारा.

"मीटर बिघडलाय," त्यानं निकाल दिला.

"मीटर गेल्याच वर्षी बदललाय, योस्त."

"मग नवीन मीटर बिघडलाय. हल्ली नवीन वस्तू जुन्याआधी बिघडतात."

"टाकीतलं पाणीही उतरतंय. ते कुठं जातंय?"

"ते शोधायचे तुला पैसे देतो ना मी?" तो म्हणाला, पण त्याचं लक्ष खणाच्या दाराकडे होतं. आत यायला त्यानं पाऊल उचललं नाही. सवयीनं असेल. माणूस आपल्या घरातल्याही एखाद्या खोलीत फारसा जात नाही, त्याला काही कारण लागत नाही.

बोगुशा बादली परत न्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "या खणात कधी काही वेगळं जाणवलं का गं?"

"इथली मिरची सगळ्यात गोड," ती म्हणाली. "आणि आमच्या बायका इथं हातमोजे काढत नाहीत."

"का?"

"हात फार कोरडे पडतात म्हणे. मी म्हटलं, राण्यांनो, क्रीम लावा." ती हसली. पण बादली उचलताना मी पाहिलं, तिच्या हातात मोजे होते. बाकी तिन्ही खण तिनं उघड्या हातांनी पुसले होते.

३

मी पुन्हा आत गेले. या वेळी गळती शोधायची नाही, नुसतं उभं राहायचं असं ठरवलं.

शेजारच्या खणात थेंब पडत होते. हजारो ड्रिपर, पत्र्यावर हजारो थेंब; दुरून ऐकलं तर तव्यावर काही तडतडतंय असं वाटतं. आणि माझ्या खणात शांतता होती. व्हॉल्व्ह उघडा होता, मुख्य पाइपला कान लावला तर आतून पाणी धावताना ऐकू येत होतं, आणि नळ्यांच्या टोकांशी काही नव्हतं.

प्रत्येक नळीच्या टोकाला प्लास्टिकची एक खुंटी असते. झाड असतं तेव्हा ती लादीत खोचलेली असते, एरवी पन्हळीवर लोंबते. मी एक खुंटी हातात घेतली. टोक किंचित ओलसर होतं. तुंबलीय का पाहायला मी तिच्या तोंडाशी बोट धरलं.

बोट आत ओढलं गेलं.

जोरात नाही. वासराच्या तोंडात बोट दिलं तर ते जसं चोखतं, तेवढंच. मी बोट काढून घेतलं. मग, मूर्खासारखं, पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. थोडं थांबून, थोडं ओढून. दुसरी नळी घेतली, तिचंही तसंच. बोटाचं टोक पांढरं पडून सुरकुतलं होतं.

मी मनाशी पाठ म्हटल्यासारखं म्हणाले: व्हॉल्व्ह बंद झाला की उतारावरचं पाणी मागे घसरतं, नळ्यांमध्ये पोकळी होते, त्या हवा ओढतात. हे सगळीकडे होतं. यात नवीन काही नाही. हे मी शिकाऊ मुलांना फळ्यावर काढून दाखवते.

पण व्हॉल्व्ह उघडा होता. पाणी एका बाजूनं पंप ढकलत होता आणि दुसऱ्या बाजूनं नळ्या ओढत होत्या. दोन्हीकडून आत जाणारं ते पाणी कशात जात होतं?

मी बाहेर आले आणि योस्तला बोटाबद्दल काही सांगितलं नाही. काय सांगणार? एवढंच म्हणाले, "सगळी लाइन उखडून पाहावी लागेल. आठवडा जाईल."

"अजिबात नाही," तो म्हणाला. "गॅसचे भाव बघतेस ना? हा खण तापवणं मला परवडत नाही. यंदा इथं लावायचंच नाही. बंद करून टाक. पुढचं पुढे बघू."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. कारण न शोधता सुटका मिळाली होती. मी व्हॉल्व्हचा दांडा फिरवून घट्ट बंद केला आणि कंट्रोलरची वायर सोडवली. पाइपातला प्रवाह थांबला, तसा आत, खणाच्या टोकापासून टोकापर्यंत, एक आवाज सरकत गेला. हजारो बारीक तोंडांनी एकदम भुरका मारल्यासारखा. मग काही नाही.

हवा, मी स्वतःला म्हणाले. पोकळीतली हवा.

४

निघायच्या आधी आलिडानं स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांचं घर काचघराला चिकटूनच आहे, स्वयंपाकघरातलं एक दार थेट आत उघडतं. मसाल्याच्या बिस्किटांचा वास सुटला होता. आलिडाच्या खुब्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं, ती काठी घेऊन वावरत होती. एरवी ही बाई म्हणजे उत्साहाचा झरा. मला चिडवल्याशिवाय कॉफी द्यायची नाही. त्या दिवशी कपात कॉफी ओतताना तिचं लक्ष त्या दाराकडे होतं.

"झालं का गं काम?"

"उद्या सेन्सर जुळवले की झालं. कालव्याकडचा खण मात्र बंद केलाय."

तिचा हात थांबला. "बंद म्हणजे? पूर्ण?"

"पूर्ण. योस्तच म्हणाले."

"यंदा लावायचा नाहीय तो," योस्त बिस्कीट कॉफीत बुडवत म्हणाला.

"थोडं सोडून ठेवायचं होतं," आलिडा म्हणाली. "दर हिवाळ्यात झाडं काढली की मी जाऊन थोडं पाणी सोडून यायचे. यंदा या पायानं जमलंच नाही."

योस्तनं मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "रिकाम्या खणात? कशाला?"

"नाही सोडलं की झोप लागत नाही."

"तुला झोप लागत नाही आणि पाणी पन्हळीला?" तो हसला. "डॉक्टर चुकले, हिल्के. खुब्याऐवजी डोकं उघडायला हवं होतं."

आलिडा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी बोटाबद्दल सांगता आलं असतं. मी कॉफी संपवली, उद्या सकाळी येते म्हणाले आणि उठले. गाडी सुरू करताना वाटलं, परत जावं आणि व्हॉल्व्ह थोडा उघडून यावा. मग स्वतःचंच हसू आलं. म्हाताऱ्या माणसाच्या एका वाक्यानं मी पन्हळीची काळजी करायला लागले होते.

५

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा राखाडी उजाडलं होतं. आत बोगुशा कंबरेवर हात ठेवून बादलीसमोर उभी होती.

"माझं पाणी कुणी ओतलं?" ती म्हणाली. "काल फडकी भिजत घालून गेले होते. बघ."

बादलीत फडकी होती. कोरडी, एकमेकांना चिकटून कडक झालेली. बादली कालव्याकडच्या खणाच्या दाराशी होती.

"योस्तनं ओतलं असेल," मी म्हणाले.

"साहेबांनी? साहेबांनी आयुष्यात कधी बादली उचललीय?"

मी पंपघरात जाऊन बाकीच्या तीन खणांचं शेवटचं धुणं सुरू केलं. पाणी नीट परत येत होतं, थेंबांचा आवाज भरून राहिला होता. तेवढ्यात योस्त आला. शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"आलिडा इकडे आलीय का?"

"नाही. का?"

"बिछान्यात नाहीय. काठी नाहीय. आणि स्वयंपाकघरातल्या फुलदाण्यांतलं पाणी..." तो थांबला. "दार उघडं आहे. काचघराचं."

आम्ही दोघंही थेट कालव्याकडच्या खणाकडे वळलो.

ती खणाच्या मध्यावर उभी होती, आमच्याकडे पाठ करून. अंगात घरातला गाऊन, पायात सपाता. काठी खाली पडली होती, झारी आडवी झाली होती. उजवा हात तिनं समोर धरला होता आणि ती हळू आवाजात बोलत होती.

"हो, हो. देते. देते ना."

आधी मला एवढंच कळलं की काहीतरी चुकतंय. मग कळलं काय ते. नळ्या लोंबत नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या पन्हळींवरच्या सगळ्या नळ्या उठल्या होत्या, ताणल्या होत्या, आणि सगळ्यांची टोकं तिच्याकडे होती. अगदी लांबच्या, जिथून त्या तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, त्याही हवेत ताठ होत्या आणि किंचित थरथरत होत्या. जवळच्यांचा जुडगा तिच्या मुठीत होता. का तिची मूठ त्यांच्यात होती, ते मला नीट दिसलं नाही, आणि मी नीट पाहिलंही नाही.

"आलिडा!" योस्त ओरडला आणि धावला.

मी उलटी वळले. धीरानं नव्हे; मला फक्त व्हॉल्व्ह माहीत होता, म्हणून खणाच्या दाराशी असलेल्या व्हॉल्व्हकडे गेले. दांडा दोन्ही हातांनी फिरवला. पाइप थडथडला. पाणी आत धावलं आणि माझ्या बाजूपासून नळ्या एकेक करून गळून पडू लागल्या, सैल, मऊ, पत्र्यावर आपटत, तिच्यापर्यंत.

योस्तनं तिला धरलं तेव्हा काहीतरी खणखणलं. तिची अंगठी होती. बोटातून आपोआप सुटून पन्हळीत पडली आणि घरंगळत गेली. तिचा हात मनगटापर्यंत आटला होता. कातडी हाडाला चिकटलेली, नखं करडी, बोटं कोरड्या मुळांसारखी. मनगटाच्या वर तोच गोरा, गुबगुबीत हात होता ज्यानं काल मला कॉफी दिली होती.

"दुखत नाहीय," आलिडा म्हणाली. "उगाच घाबरू नका."

योस्त तिला उचलून घेत होता. बोगुशा दाराशी आली होती, तिनं छातीवर क्रूस काढला. तेव्हा आम्हाला ऐकू आलं.

शेजारच्या खणात थेंब पडत होते. मग आमच्या लगतच्या ओळीतले थांबले. मग तिच्या पलीकडच्या ओळीतले. एकेक ओळ गप्प होत गेली, घाई नाही, काही नाही; रात्री घरातलं कुणी एकेका खोलीचा दिवा मालवत जातं तसं. मग त्याच्या पुढचा खण. शेवटी फक्त रस्त्याकडून, अगदी लांबून, थोडी तडतड येत राहिली.

"चला," बोगुशा म्हणाली. "सगळे. आत्ताच्या आत्ता."

पंप चालूच होता. तो बंद करा असं योस्तनं म्हटलं नाही, आणि मीही थांबले नाही.

६

योस्त गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हता. बोगुशानं तिच्या गाडीत सगळ्यांना कोंबलं. तो पुढे, मी आणि आलिडा मागे. निघताना योस्तनं स्वयंपाकघरातल्या नळाखाली टॉवेल चिंब भिजवून तो तिच्या हाताभोवती गुंडाळला होता. माझ्या मांडीवर त्याचं पाणी गळत होतं.

"डेल्फ्टच्या हॉस्पिटलात जाऊ," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तिथं सगळं असतं. रक्त थांबलं असेल हाताचं. पहाटेच्या थंडीत होतं असं. हो ना, हिल्के? होतं ना?"

"होतं," मी म्हणाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचघरं मागे पडत होती, आत दिवे लागलेले, हिरवी, उबदार. प्रत्येकात तेच पंप, त्याच नळ्या. त्यातली किती मीच धुतली होती. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खाली बघत बसले.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी जो गोल चौक आहे तिथं गाडी हळू झाली आणि मी टॉवेल नीट करायला गेले. तो कडक झाला होता. उन्हात वाळत घातल्यासारखा. मी घडी उलगडली, तर काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. माझ्या मांडीवरचा ओला डागही नाहीसा झाला होता.

दाराच्या कप्प्यात बोगुशाची पाण्याची बाटली होती, भरलेली. झाकण काढून ती आलिडाकडे दिली. "घ्या. बरं वाटेल."

आलिडानं ती डाव्या हातानं घेतली. तोंडाला लावली नाही. मांडीवर उभी धरली, आणि दुसऱ्या हाताचं ते करडं बोट बाटलीच्या तोंडात अलगद सोडलं.

बाटली पारदर्शक होती. पाणी खाली सरकत गेलं. बुडबुडा नाही, आवाज नाही. आणि जसजसं ते उतरत गेलं तसतशी आलिडाच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. तिनं मान मागे टेकली, डोळे मिटले, आणि मूल एकदाचं निजल्यावर बाईचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला.

बाटली रिकामी झाली. तिनं ती माझ्या हातात दिली.

"अजून आहे का गं?"

"काय म्हणतेय ती?" योस्तनं पुढून विचारलं. मागे वळून पाहायचं त्यानं टाळलं.

"काही नाही," मी म्हणाले. "त्यांना तहान लागलीय."

आलिडानं डोळे न उघडता नकारार्थी मान हलवली.

"मला नाही," ती म्हणाली.